‘स’चा ‘थ’ होतोय? काकतीतून स्पीच थेरपिस्ट शोधताना

‘साखर’ची ‘थाखर’, ‘सायकल’ची ‘थायकल’. लहान पोराच्या तोंडी हे गोड वाटतं. घरातली म्हणतात, मोठा झाला की आपोआप जाईल. पुष्कळदा जातंही. पण पोरगं दुसरी-तिसरीत गेलं तरी तसंच बोलतंय, वर्गात चिडवतात म्हणून उत्तर येत असूनही हात वर करत नाही, असं झालं की मग धावपळ सुरू होते.

आधी एक फरक. बोलताना शब्द अडतो तो तोतरेपणा, अक्षर वेगळं उमटतं तो बोबडेपणा. दोन्हीसाठी जायचं स्पीच थेरपिस्टकडेच, पण उपचार वेगळे. ‘स’ म्हणताना जीभ दातांच्या मागे राहावी लागते. ती दातांच्या फटीत आली की ‘थ’सारखा आवाज येतो. साधारण पाच वर्षांपर्यंत याची फार काळजी नको. दुधाचे पुढचे दात पडल्यावरही काही दिवस असं होऊ शकतं. मात्र काही मुलांची हवा जिभेच्या कडेनं गालाकडे निसटते आणि ‘स’ लाळेत भिजल्यासारखा येतो. हा प्रकार सहसा आपोआप जात नाही, तिथं वाट बघत बसू नये.

पहिल्यांदा कान तपासून घ्या. ‘स’ हा बारीक, उंच पट्टीचा आवाज. सारखे कान फुटणाऱ्या मुलाला तो नीट ऐकू येत नसेल, तर तोंडात कुठून येणार? काकतीहून बेळगाव जवळच. बिम्सचं जिल्हा रुग्णालय किंवा केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय, इथल्या कान-नाक-घसा विभागात दाखवून तिथंच स्पीच थेरपीची चौकशी करावी. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येतं, 18 वर्षांपर्यंतची मुलं त्यात बसतात. पथकासमोर पोरं गप्प उभी राहतात, म्हणून बोलण्याची अडचण आपणच सांगायची.

थेरपिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला लाजायचं कारण नाही. ही परिषद 1992 च्या कायद्याखालची, देशपातळीवरची. त्यामुळे कोल्हापूरचा किंवा पुण्याचा नोंदणीकृत थेरपिस्टही आपल्याला चालतो.

आता सीमाभागातला खरा प्रश्न, भाषेचा. थेरपिस्ट कन्नड भाषक असला म्हणून परत फिरू नका. ‘स’ दोन्ही भाषांत आहे, जीभ कुठं ठेवायची हे कन्नडमधूनही शिकवता येतं. पण मराठीत ‘च’, ‘ज’, ‘झ’ दोन तऱ्हांनी म्हणतात. ‘चार’ आणि ‘चारा’ म्हणून बघा, ‘च’ बदलतो. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जिवंत राहा, यांतला ‘ज’ही एक नव्हे. कन्नडमध्ये ही जोडी नाही. त्यामुळे ‘चाक’, ‘जागा’, ‘झाड’ आपल्या पद्धतीनं बरोबर म्हणणाऱ्या मुलाच्या नावापुढं दोष लिहिला जाऊ शकतो. म्हणून घरी मराठी बोलतो हे पहिल्याच भेटीत सांगा आणि सरावासाठी घरातले शब्द लिहून न्या: सासू, सुरी, ससा, पिशवी, बस, भात नासला. मुलाचं मराठी बंद करून एकच भाषा बोला, असा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये. दोन भाषांमुळे कुणी बोबडं होत नाही.

मराठीतूनच उपचार हवे असतील तर मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालय, पुण्यात भारती विद्यापीठ इथं या विषयाचं शिक्षणही चालतं. कर्नाटकात म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था मोठी. दर आठवड्याला तेवढं लांब कोण जाणार? एकदा प्रत्यक्ष दाखवून पुढं व्हिडिओ कॉलवर सराव होईल का, ते विचारा. त्यासाठी नेट आणि शांत खोली लागते, टीव्ही बंद.

राहिलं वेखंड. उगाळून जिभेला लावायची चाल अजून घरोघरी आहे. त्यानं जिभेची जागा बदलत नाही, आणि लहान मुलाच्या पोटात ते जाणं बरं नव्हे. जिभेखालची शीर कापून घ्यायलाही घाई नको, आधी थेरपिस्टचं मत घ्या. सराव मात्र रोज लागतो, दहा मिनिटं, आरशासमोर. आधी नुसता ‘स्स्स’, मग ‘सा, सी, सू’, मग शब्द, मग वाक्य. बोलताना मध्येच थांबवून पाहुण्यांसमोर दुरुस्ती करायची नाही.