बाइक ढकलत पंपावर नेता येते, विमानाचं काय? शिकाऊ पायलट इंधनाच्या काट्यावर विश्वास का ठेवत नाहीत

सरावलीतून सकाळी तारापूर एमआयडीसीच्या पहिल्या पाळीला निघालेली बाइक मध्येच भकभक करायला लागते. जुनी स्प्लेंडर असेल तर डावा हात आपोआप टाकीखाली जातो, कॉक रिझर्व्हवर फिरतो आणि गाडी पुन्हा पळायला लागते. पण मागच्या वेळी पेट्रोल भरल्यावर कॉक परत ‘ऑन’ला फिरवायचाच राहिला असेल तर? रिझर्व्हसुद्धा आधीच पिऊन झालेलं असतं. मग गाडी आडवी करून हलवायची, चोक ओढायचा आणि शेवटी ढकलत पंप गाठायचा.

आता हेच हजार मीटर उंचीवर झालं तर?

इंजिन बंद पडलं म्हणून छोटं विमान दगडासारखं खाली येत नाही. सेसनासारखं प्रशिक्षणाचं विमान हजार मीटरवरून वारा नसताना साधारण नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकतं. प्रश्न असतो तो खाली काय आहे याचा. आपल्या पट्ट्यात भातखाचरं, चिकूच्या वाड्या आणि तारापूरहून निघालेल्या हाय टेन्शन लाइनी आहेत. त्यातली मोकळी जागा शोधायला पायलटकडे मोजून काही मिनिटं असतात.

तसा हा विषय आपल्या भागाला जुना आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन एकटेच जुहूला आले. भारतातल्या नागरी विमानसेवेची ती सुरुवात. विमान होतं छोटंसं पस मॉथ. इंधनासाठी त्यांना अहमदाबादला उतरावं लागलं आणि तिथे पेट्रोलचे डबे आले बैलगाडीतून. नकाशावर अहमदाबाद ते जुहू सरळ रेघ मारून बघा, ती बोईसरच्या अगदी जवळून जाते. तेव्हा ‘मध्ये कुठे भरू’ हा पर्यायच नव्हता. जे काय गणित करायचं ते निघण्याआधी.

ते गणित आजही तसंच आहे. बारामती, शिरपूर, गोंदिया अशा ठिकाणी मुलं-मुली पायलट व्हायला जातात. कमर्शियल लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. आणि विमानात बसण्याआधीची एक सवय त्यांच्या अंगात भिनवली जाते. टाकीचं झाकण उघडायचं, डोळ्यांनी बघायचं आणि खुणा केलेली काठी आत बुडवून इंधन मोजायचं. टँकरवाले मोजतात तसंच.

पण डॅशबोर्डवर काटा असतो ना? असतो, पण टाकी असते पंखात, पसरट आणि उथळ. आतला तरंगणारा गोळा वर-खाली होतो त्यावर काटा हलतो. विमान कललं, हेलकावलं की इंधन एका बाजूला जातं आणि काटा काहीही दाखवतो. म्हणून पायलटचं खरं मीटर म्हणजे घड्याळ. मोजून किती भरलं, तासाला किती जळतं आणि निघून किती वेळ झाला.

सेसना १५२ हे प्रशिक्षणाचं नावाजलेलं दोन सीटचं विमान. त्याच्या साध्या टाक्यांमधलं वापरता येईल असं इंधन सुमारे ९३ लिटर, खप तासाला साधारण २३ लिटर. म्हणजे फुल टाकीत चार तास. मग दरवेळी टाकी फुलच का करत नाहीत? कारण वजन. या विमानाचं सगळं मिळून वजन ७५७ किलोच्या वर जाऊ शकत नाही. रिकामं विमानच ५०० किलोच्या वर भरतं, फुल इंधन ६७ किलो. त्यात दोन दणकट माणसं आणि बॅगा आल्या की काटा ओलांडलाच. म्हणून कधीकधी कमी इंधन घेऊन निघावं लागतं.

समजा अर्धी टाकी आहे, म्हणजे दोन तास. जायचंय २४० किलोमीटर, जुहूहून सुरतच्या थोडं पुढे. ताशी १६० च्या वेगाने दीड तास लागेल आणि अर्धा तास शिल्लक राहील. दिवसाच्या उड्डाणासाठी आंतरराष्ट्रीय नियमांत किमान एवढंच राखीव सांगितलंय, रात्रीसाठी ४५ मिनिटं. कागदावर सगळं ओके. पण समोरून ताशी ४० चा वारा लागला की जमिनीवरचा वेग १२० होतो आणि तेच अंतर कापायला दोन तास लागतात. राखीव शून्य! टेकऑफ आणि वर चढताना जास्त जळतं, ते तर आपण धरलेलंच नाही. काहीही बिघडलेलं नसताना, कोणीही मस्ती केलेली नसताना हे होतं.

दुसरा प्रकार आपल्या बाइकच्या कॉकसारखाच. टाकीत इंधन असतं, पण इंजिनपर्यंत पोहोचत नाही. पायपरच्या बऱ्याच विमानांत डावी आणि उजवी टाकी हाताने बदलावी लागते. एक कोरडी झाली आणि बदलायचं राहिलं तर दुसरी भरलेली असून इंजिन बंद. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला असाच गेला. त्याने नवीनच घेतलेल्या छोट्या विमानात हा कॉक पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. इंधन कमी होतं, तपास यंत्रणेच्या मते कॉकपर्यंत पोहोचायला तो वळला आणि विमानावरचा ताबा सुटला.

पावसाळ्यात आणखी एक भानगड असते, पाणी. झाकणाचं रबर खराब असेल तर पाणी टाकीत उतरतं. ते पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे तळाशी बसतं. म्हणून उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक कपात काढून बघतात. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. गंमत अशी की कपात निव्वळ पाणीच आलं तर थर दिसतच नाही, सगळं कसं स्वच्छ! फसायला होतं ते इथेच. म्हणून रंग बघायचा. या विमानांचं १००एलएल पेट्रोल मुद्दाम निळं केलेलं असतं.

आता तुम्हाला वाटेल, या चुका शिकाऊ पोरं करत असतील. अमेरिकेच्या तपास यंत्रणेने, एनटीएसबीने, २०११ ते २०१५ चे अपघात तपासले. इंधनाच्या गोंधळामुळे वर्षाला सरासरी ५० हून जास्त अपघात. त्यात शिकाऊ पायलट फक्त २ टक्के. कमर्शियल किंवा त्यावरचं लायसन्स असलेले ४८ टक्के! शिकणाऱ्याच्या मागे इन्स्ट्रक्टर उभा असतो, काठी बुडवल्याशिवाय सोडत नाही. नंतर कोणी विचारत नाही.

मोठी विमानंही सुटलेली नाहीत. १५ नोव्हेंबर १९९३ ला इंडियन एअरलाइन्सचं एअरबस मद्रासहून हैदराबादला गेलं, खराब दृश्यमानतेमुळे उतरता आलं नाही. वर जाताना पंखांचे फ्लॅप आत गेले नाहीत, त्यामुळे खप वाढला. मद्रासला परतताना इंधन संपलं आणि विमान तिरुपतीजवळच्या भातशेतात उतरवलं. २६२ जण होते, सगळे वाचले.

न्यूयॉर्कजवळ एवढं नशीब नव्हतं. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचं विमान तासाभराहून जास्त वेळ हवेत थांबवून ठेवलं होतं. इंधन संपत आलंय हे वैमानिकांनी कंट्रोलरला सांगितलं, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला नाही. १५८ पैकी ७३ जण गेले.

आता यासाठी ठरलेले शब्द आहेत. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आता आणखी उशीर चालणार नाही. उतरताना राखीव इंधनालाही हात लागणार असं दिसलं की तीनदा ‘मेडे’ आणि मग ‘फ्युएल’. विद्यार्थ्याला हे बोलायला लाज वाटते, ‘गणित चुकलं’ असं सगळ्या फ्रिक्वेन्सीवर ऐकू जाणार म्हणून. पण तो शब्द कानावर पडला की कंट्रोलर आधी बाकीच्यांना बाजूला करतो आणि धावपट्टी मोकळी करून देतो. हिशोब कुठे चुकला हे खाली उतरल्यावर विचारतात.