बांबू गावाचा, हिशेबही गावाचा



गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावच्या जंगलातला बांबू पूर्वी कागद कारखान्याकडे जाई. गोंड कुटुंबांच्या हाती पडे ती फक्त तोडणीची मजुरी. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण वाहतूक परवाना वनखात्याकडेच राहिल्याने बांबू विकता येईना. २०११ मध्ये परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा कुठे विक्री सुरू झाली. तोडणी, मजुरी, विक्री हे सारे गाव एकत्र बसून सर्वसहमतीने ठरवू लागले.

मजुरीने आजची चूल पेटते. हिशेबाची वही हाती आली की मजूर मालक होतो. म्हणून धरमपेठेतून धान्य पाठवताना गावच्या मुलामुलींना जमाखर्च शिकवण्यासाठीही हातभार लावू या.