पाचशे मोठे की पाच?

सोनाराच्या दुकानात काटा जरा हलला, तरी आपल्या घरच्या गृहिणीची नजर त्यावरून ढळत नाही. पण औषधाची पट्टी हाती आली, की आपण गोळीचा रंग पाहतो, किंमत पाहतो, फार तर मुदत पाहतो. तिच्यावर छापलेला आकडा वाचणारे थोडे, आणि आकड्यापुढची अक्षरे वाचणारे त्याहून थोडे. वास्तविक औषधाच्या बाबतीत सारा खेळ त्या अक्षरांचाच आहे!

जुन्या काळी हा हिशेब गुंजांवर चाले. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. इंग्रजी अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरला. आजच्या मापाने तो सुमारे ११.६६ ग्रॅम होतो. म्हणजे एक गुंज भरली १२१ मिलिग्रॅमच्या आसपास. विलायती औषधे ग्रेनमध्ये मोजली जात. एक ग्रेन म्हणजे जवळजवळ ६५ मिलिग्रॅम. अ‍ॅस्पिरिनची गोळी ३२५ मिलिग्रॅमची का, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे काय? पाच ग्रेनच्या जुन्या गोळीनेच हा नवा पोशाख चढविला आहे! पुढे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली. किलो आणि ग्रॅम आपण चटकन आपलेसे केले. त्यांची धाकटी भावंडे मात्र अजून घरात परक्यासारखीच वावरतात.

वास्तविक त्यांचे नाते अगदी सोपे आहे. एका किलोचे हजार ग्रॅम, एका ग्रॅमचे हजार मिलिग्रॅम, एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम. प्रत्येक पायरी हजाराची. तांदळाचा एक दाणा साधारणपणे वीस मिलिग्रॅम भरतो, म्हणजे वीस हजार मायक्रोग्रॅम. थायरॉइडसाठी कित्येक घरांतून सकाळी जी गोळी घेतली जाते, तिच्यात थायरॉक्सिन असते ५० मायक्रोग्रॅम. त्या दाण्याचा चारशेवा हिस्सा! बाकीची गोळी म्हणजे औषध बोटांत धरता यावे म्हणून घातलेली भर.

हे नाते विसरले तर काय होते, ते मला प्रकाशा येथे पाहायला मिळाले. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे, केदारेश्वराचे हे गाव शहादा तालुक्यात आहे. लोक त्याला दक्षिणकाशी म्हणतात. १९५५ साली पुराणवस्तू खात्याच्या थापर यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुन्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष हाती आले. त्या वेळी हा मुलूख पश्चिम खानदेशात मोडे. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. या जिल्ह्याच्या आदिवासी वस्तीत सिकलसेल नावाचा आनुवंशिक रक्ताचा आजार बराच आढळतो. रक्तातील तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. नव्या पेशी सतत घडवाव्या लागतात, म्हणून अशा रोग्याला बहुधा फॉलिक आम्लाची गोळी देतात.

प्रकाशाला माझ्या मामेभावाची शेती आहे. त्याच्या सालदाराच्या धाकट्या मुलाला हा आजार आहे, आणि त्याच घरातली थोरली सून तेव्हा गरोदर होती. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात साऱ्या घराची औषधे. मुलाची फॉलिक आम्लाची गोळी ५ मिलिग्रॅमची. त्याचीच हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. आणि सुनेची सरकारी लाल गोळी; तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल.

मुलाच्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या संपल्या होत्या. त्याची आई लाल गोळ्यांची पट्टी घेऊन ओसरीवर आली. कॉलेजात शिकणारा माझा पुतण्या तेथेच बसला होता. पट्टी पाहून तो म्हणाला, “चालेल की, काकू! फॉलिक आम्लच आहे. शिवाय ही पाचशेची. पाच कुठे आणि पाचशे कुठे!”

बाई मात्र माझ्याकडे वळून म्हणाली, “गुरुजी, रंग निराळा आहे, म्हणून विचारते.”

मी शाळेत गणित शिकवीत असे. पुतण्याला म्हटले, “बाबा रे, पाचशे पैसे मोठे की पाच रुपये?”

“दोन्ही सारखेच.”

“आणि रुपयाचे हजार पैसे असते तर?”

तो गप्प झाला. उत्तर त्याला सापडले होते. पाच मिलिग्रॅम म्हणजे पाच हजार मायक्रोग्रॅम. लाल गोळीतील पाचशे हा त्याचा दहावा हिस्सा! बरे, दहा लाल गोळ्या दिल्या म्हणजे हिशेब जुळेल, असे कोणी म्हणेल, तर त्यांच्याबरोबर ६०० मिलिग्रॅम लोह पोटात जाईल. ते लेकराच्या जिवावर बेतू शकते. शिवाय सिकलसेलच्या रोग्याला, विशेषतः ज्याला वरचेवर रक्त द्यावे लागते त्याला, लोह आधीच जास्त झालेले असू शकते. तपासणीवाचून ते द्यायचेच नसते. म्हणजे पाहा, आकड्याचे रूपांतर बरोबर केले तरी पुरत नाही. गोळीत आणखी काय आहे, तेही पाहावे लागते. दुसऱ्या दिवशी बाई दवाखान्यात जाऊन मुलाच्याच गोळ्या घेऊन आली. तिला हिशेब येत नव्हता, पण शंका विचारण्याचे शहाणपण होते.

हे खेड्यातले झाले, असे म्हणून शहरी वाचकांनी निश्चिंत होऊ नये. तापाचे पॅरासिटामॉलच घ्या. डॉक्टरांनी बाळाला १५० मिलिग्रॅम द्यायला सांगितले आहे असे समजा. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असेल, तर दीड मिलिलिटर पुरे. पातळ औषधात ५ मिलिलिटरला १२५ असेल तर सहा मिलिलिटर हवेत; आणि २५० असेल तर तीनच. ‘सहा’ एवढेच लक्षात ठेवून कोणी थेंबांची बाटली उचलली, तर बाळाच्या पोटात चौपट औषध जाईल, आणि पॅरासिटामॉलचा अतिरेक यकृताला बाधतो. म्हणून बाटली बदलली की हिशेब नव्याने करावा, आणि माप औषधासोबत आलेल्या झाकणानेच घ्यावे. स्वयंपाकघरातले चमचे घराघरांत निराळे!

जीवनसत्त्वांची तऱ्हा आणखी वेगळी. ड जीवनसत्त्वाच्या पुडीवर ६०,००० युनिट पाहून छाती दडपते. पण त्याची ४० युनिटे म्हणजे एक मायक्रोग्रॅम. सारी पुडी भरते दीड मिलिग्रॅम! हा चाळीसाचा भाव मात्र फक्त ड जीवनसत्त्वाचा. दुसऱ्या जीवनसत्त्वाला तो लावू नये.

लिहिण्यातही सावधपणा हवा. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना टिंबाआधी शून्य हवेच, नाहीतर टिंब पुसले जाऊन ‘.५’ चे पाच होतात. उलट पाचापुढे टिंब आणि शून्य लिहू नये, ‘५.०’ चे पन्नास व्हायला वेळ लागत नाही. मायक्रोग्रॅमसाठी ‘म्यू’ हे ग्रीक अक्षर वापरतात. घाईत ते ‘एम’सारखे दिसले, तर मात्रा हजारपट होते. म्हणून हा शब्द पुरा लिहिलेला बरा.

दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरचे डबे निघतात, तसा औषधांचाही डबा एकदा खाली काढा. प्रत्येकाची औषधे वेगळी करा. एका कागदावर माणसाचे नाव, औषधाचे नाव, आकडा आणि त्यापुढचे माप पुऱ्या अक्षरांत लिहून तो डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. हिशेब आपण करावा, तो आपल्या समजुतीसाठी. पट्टी बदलायची की नाही, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.