विहिरीचं पाणी, सेप्टिक टँक आणि नायट्रेटचा हिशेब



न्यू जर्सीत आल्यावर आपल्यापैकी बरेच जण आधी एडिसन-इझेलिनच्या अपार्टमेंटमध्ये राहतात. मग मोठ्या घराची आणि मोकळ्या अंगणाची ओढ लागते, आणि शोध हंटरडन, वॉरन, ससेक्स काउंटीपर्यंत पोचतो. तिथे अनेक घरांना ना सार्वजनिक नळ असतो, ना ड्रेनेजची लाइन. प्यायचं पाणी आवारातल्या बोअरचं आणि सांडपाणी आवारातल्याच सेप्टिक टँकमध्ये! घर बघताना आपण शाळा, स्टेशन, किचन सगळं पारखतो, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी असलेला संबंध बघायचा राहून जातो. तो कसा तपासायचा, ते आम्ही इथे थोडक्यात सांगत आहोत.

नायट्रेट येतं कुठून?

मलमूत्रात भरपूर नायट्रोजन असतो. सेप्टिक टँकमध्ये हवा नसल्यामुळे तो मुख्यतः अमोनियाच्या रूपात राहतो. टँकमधलं पाणी पुढे छिद्रांच्या पाइपांतून जमिनीत मुरतं. तिथे हवा मिळाली की मातीतले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. माती बहुतेक रोगजंतूंना गाळून अडवते, पण नायट्रेट तिला चिकटत नाही. ते पाण्याबरोबर थेट भूजलात उतरतं. म्हणून सेप्टिक यंत्रणा अगदी उत्तम चालू असली, तरी नायट्रेट तयार होतंच. बोअर आणि मुरवण्याची जागा यांत साधारण १०० फूट अंतर ठेवतात. ते जंतूंसाठी उपयोगी आहे, पण नायट्रेट त्याने थांबत नाही.

हिशेब कसा करायचा?

नायट्रेट कमी होतं ते मुख्यतः पावसाच्या पाण्यात मिसळून. त्यामुळे तीन गोष्टी महत्त्वाच्या: घरात माणसं किती, जमीन किती आणि पाऊस मुरतो किती. आमच्यासारख्या आय.टी.वाल्यांना एक्सेल उघडल्याशिवाय चैन पडत नाही, पण हे गणित कागदावरही होतं.

न्यू जर्सीत अशा गणितांसाठी माणशी वर्षाला १० पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो नायट्रोजन धरतात. चार माणसांचे झाले १८ किलो. वर्षाला १० इंच पाऊस मुरतो असं धरलं, तर एकरभर जमिनीत सुमारे १० लाख लिटर पाणी जातं. त्यात घरातलं सांडपाणी साधारण ४ लाख लिटर.

- १ एकर, ४ माणसं: लिटरला सुमारे १३ मिलिग्रॅम
- २ एकर, ४ माणसं: सुमारे साडेसात
- ३ एकर, ४ माणसं: सुमारे सव्वापाच
- १ एकर, ६ माणसं (आई-बाबा कायमचे राहायला आले तर!): सुमारे १७

अमेरिकेत पिण्याच्या पाण्याची मर्यादा १० मिलिग्रॅम आहे. भारतातली ४५ ही मर्यादा वाचून गोंधळू नका. तिथे पूर्ण नायट्रेट मोजतात, इथे फक्त त्यातला नायट्रोजन. दोन्ही मर्यादा जवळपास सारख्याच आहेत.

दक्षिण जर्सीच्या पाइनलँड्समध्ये तर भूजलासाठी २ मिलिग्रॅमचीच मर्यादा आहे. त्यामुळे तिथे साध्या सेप्टिक यंत्रणेला निदान ३.२ एकर जागा लागते. वाळूत पाऊस जास्त मुरतो, म्हणून एवढ्यात भागतं.

हे आकडे सरासरीचे आहेत. प्रत्यक्षात नायट्रेट भूजलाच्या प्रवाहाबरोबर पट्ट्यासारखं सरकतं. म्हणून चढाच्या बाजूला शेजाऱ्यांचं सेप्टिक, शेत किंवा घोड्यांचा तबेला आहे का, हेही बघा. लॉनला घातलेल्या खतातूनही नायट्रेट येतं.

धोका कोणाला?

सर्वात जास्त सहा महिन्यांखालच्या बाळांना. त्यांच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते. बाळ निळसर दिसू लागतं आणि वेळीच उपचार न झाल्यास जिवावर बेतू शकतं. आयोवातल्या डॉ. हंटर कॉम्ली यांनी १९४५ मध्ये विहिरीच्या पाण्याशी याचा संबंध दाखवून दिला.

इथे आपल्या घरांसाठी एक फार महत्त्वाची गोष्ट. बाळाचं पाणी उकळून घ्यायचं, ही आपली पिढ्यान् पिढ्यांची सवय. जंतूंसाठी ती योग्यच आहे. पण उकळल्याने नायट्रेट जात नाही! उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. कोळशाचा साधा फिल्टर किंवा यू.व्ही. यांचाही उपयोग नाही. आर.ओ., आयन एक्स्चेंज किंवा डिस्टिलेशन लागतं. या पाण्याला रंग, वास, चव काहीच नसते, त्यामुळे आजींच्या अनुभवी नजरेलाही ते कळणार नाही.

काय करावं?

१. सप्टेंबर २००२ पासून न्यू जर्सीत खाजगी विहीर असलेलं घर विकताना पाण्याची तपासणी सक्तीची आहे, आणि तिच्यात नायट्रेट येतं. तो रिपोर्ट मागून घ्या आणि आकडा स्वतः वाचा.

२. पुढे दरवर्षी मान्यताप्राप्त लॅबकडून तपासणी करून घ्या. ही जबाबदारी घरमालकाची, म्हणजे आपलीच.

३. आकडा १० च्या आत असला तरी वाढतोय का, ते बघा.

४. घरात बाळ येणार असेल तर आधी तपासणी करा. १० च्या वर आकडा आला तर दुधाची पावडर कालवायला बाटलीबंद किंवा आर.ओ.चं पाणी वापरा आणि बाळाच्या डॉक्टरांना कळवा.

आपल्या मंडळातलं कोणी असं घर बघत असेल, तर खरेदीचा करार होण्याआधीच त्यांना हा हिशेब जरूर सांगा.