शहाण्णव तासांनंतरही जिवंत

पवनेत मेलेले मासे तरंगले की कासारवाडीपासून दापोडीपर्यंत नदीची चर्चा होते. मासे जिवंत असतील तर पाणी निभावतंय असं धरलं जातं. नियमाची कसोटीही हेच मानते. 1986च्या पर्यावरण संरक्षण नियमांनुसार प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात 96 तास ठेवलेल्या माशांपैकी 90 टक्के जगले पाहिजेत. ही कसोटी अपुरी आहे, कारण गढूळ पाण्यातला मासा बऱ्याच अंशी वासावर जगतो आणि ती शक्ती मरणाच्या कितीतरी आधी जाते. कार्ल फॉन फ्रिश यांनी 1938 साली दाखवून दिलं की मिनो माशाची कातडी फाटली की पाण्यात एक द्रव्य सुटतं आणि त्याचे भाईबंद सैरावैरा होतात. रोहू-कटल्याच्या गोत्रातही हा इशारा चालतो. हौदात खाद्याचा वास सोडला की मासे तिकडे वळतात. त्यातच जखमी कातडीचा अर्क मिसळला की थबकतात, एकमेकांना बिलगतात, तळ गाठतात. पोट भरलेला मासा दूरच राहतो, उपाशी मासा मात्र धोका पत्करून खाद्याकडे जातो. भूक आणि भीती यांचा हिशोब तो नाकाने करतो, आणि मला यातलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं.

हा हिशोब तांबं बिघडवतं. कोहो सामनच्या पिल्लांना लिटरमागे फक्त 2 मायक्रोग्रॅम तांब्याच्या पाण्यात तीन तास ठेवलं, तरी धोक्याच्या वासाला त्यांचा प्रतिसाद मंदावला. आपल्याकडे नदीत सोडायच्या सांडपाण्यात 3 मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या दीड हजार पट तांबं चालतं. कुणी म्हणेल, नदीत ते विरतं. पण उन्हाळ्यात विरवायला पवनेत पाणी किती उरतं? शिवाय तांबं फक्त प्लेटिंगच्या कारखान्यांतून येत नाही. नाशिक फाट्यावरच्या वाहनांच्या ब्रेकची झीजही पहिल्या पावसात वाहून येते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सामन थंड, स्वच्छ पाण्यातला मासा, पवनेतली सेंद्रिय घाण तांब्याला बांधून ठेवते, त्यामुळे त्याचा मारा सौम्य होतो. हे खरं आहे, म्हणूनच तिकडचा आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. इथल्याच पाण्यात, इथल्याच माशांवर तो काढावा लागेल. त्यासाठी नवी प्रयोगशाळा नको. 96 तासांनी जिवंत उरलेले मासे मोजून चाचणी संपते. त्याच माशांना स्वच्छ पाण्यातल्या, तितक्याच उपाशी माशांशेजारी ठेवून दोन्ही हौदांत कातडीचा अर्क सोडावा आणि कोण तळाला जातो ते कॅमेऱ्याने टिपावं.