व, ब आणि क

स्वतःच्या नावाचे चिन्ह असावे, ही हौस राजेरजवाड्यांना शोभते, नाहीतर साबण-तेलाच्या कारखानदारांना. मराठी शिकविणाऱ्या बाईला ते कशाला हवे, असे आपण विचाराल. मला ते हवेसे झाले एका झेरॉक्सच्या दुकानामुळे. वृत्तांवरची माझी टिपणे, बारा वर्षे घासूनपुसून केलेली, एका विद्यार्थ्याने मलाच भक्तिभावाने आणून दाखविली. “बाई, फार छान नोट्स आहेत. चाळीस रुपयांना मिळतात.” वर भलत्याच गृहस्थांचे नाव होते!

हा अनुभव घेणारी मी काही पहिली नव्हे. आल्ब्रेख्ट ड्यूरर हा जर्मन चित्रकार आपल्या चित्रांवर ‘ए’च्या कमानीखाली ‘डी’ बसवून खूण करी. मार्कान्तोनियो राइमोंदी नावाच्या इटालियनाने त्याची चित्रे त्या खुणेसकट उतरवून विकली. ड्यूररने व्हेनिसमध्ये दाद मागितली तेव्हा, असे चरित्रकार व्हासारी सांगतो, त्याला एवढाच न्याय मिळाला की चित्रांची नक्कल खुशाल व्हावी, खूण मात्र कोणी वापरू नये. गोष्ट सोळाव्या शतकाच्या आरंभाची. मला तेवढा न्यायही पुष्कळ झाला असता.

हल्लीचा रिवाज सपाट चिन्हांचा आहे. २०१२ साली विंडोज ८ ने आणि २०१३ साली आयफोनने सावल्या, चकाकी, फुगीर बटणे असला सारा साज उतरवला, आणि मग जिकडेतिकडे साधे आकार नि सपाट रंग दिसू लागले. मला ते मनापासून आवडते. उदय कुमारांनी रेखाटलेले, २०१० साली स्वीकारले गेलेले आपले रुपयाचे चिन्ह पाहा. ना सावली, ना वेलबुट्टी; पण कोणी विसरेल काय?

माझ्या नावाचे पहिले अक्षर व. माहेरचे आडनाव ब पासून, सासरचे क पासून. तिन्ही अक्षरे एकाखाली एक लिहिली आणि हात थबकला. वर्तुळ, दंड, शिरोरेषा, झाला व. पोटात तिरकी रेघ मारली की ब. ती पुसून दंडाच्या उजवीकडे शेपूट काढले की क! माझी एम.ए.ची पदवी ब ची, नोकरीचा हुकूम क चा, आणि या दोघी बायका एकच आहेत हे पटविण्यासाठी गॅझेटचे कात्रण अजून कपाटात जपून ठेवलेले. चिन्हात कोणाला घ्यावे?

घरात विचारले. हे म्हणाले, “शेपूट असले तर माझी काही हरकत नाही,” आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. सासूबाई म्हणाल्या, “लोक तुला ज्या नावाने ओळखतात ते घाल.” फोनवर आईने एवढेच विचारले, “आणि आपला ब?” मुलीने तिन्ही आकृत्या मोबाईलवर सुबक काढून दिल्या, मत मात्र दिले नाही. शहाणी आहे.

मत मागण्याचीही एक रीत असते. ‘कसे वाटते?’ म्हटले की सगळे ‘छान’ म्हणतात. आपला समाज सभ्य आहे. म्हणून वर्गात मी विचारले, “हे काय दिसते?” उत्तरे आली: हातआरसा, टेबल टेनिसची बॅट, किल्ली. मग फळा पुसला आणि आठवून काढायला सांगितले. व बहुतेकांना जमला. ब च्या पोटातली रेघ निम्म्या मुलांनी उलटी काढली. क चे शेपूट ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे वळले.

खरे शिकविले ते शेजारच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी. त्यांनी कागद आधी उलटा धरला, मग दहा हात दूर नेला. म्हणाले, “आडवी रेघ उभीच्या मापाचीच काढली, तर डोळ्याला ती जाड दिसते. शिरोरेषा केसभर बारीक करा.” नंतर तिन्ही आकृत्या नखाएवढ्या करून काळ्या शाईत छापायला लावल्या. ब ची रेघ लहान होताच पोट बुजून तिथे काळा ठिपका उरला. मोबाईलवर नावापुढे असते त्या गोल चौकटीत क चे शेपूट कडेला घासू लागले आणि अक्षर डावीकडे सरकल्यासारखे दिसू लागले. व मात्र जिथल्या तिथे, ताठ.

मी व घेतला. सर आकृतिबंधाबद्दल बोलत होते. मी त्यांचे बोलणे ऐकत होते आणि मनात माझी अशी आणखी दोन कारणे होती, ती मी त्यांना सांगितली नाहीत.

आता टिपणांच्या प्रत्येक पानावर तो व असतो, कोपऱ्यात नव्हे, मजकुराच्या ऐन मध्ये, फिक्या करड्या रंगात. कोपरा कागदाची पट्टी ठेवून झाकता येतो. दुकानदाराने या वर्षी टिपणे ठेवलीच नाहीत, असे मुले सांगतात.

रबरी शिक्का करून घेतला तेव्हा एक आईलाही पाठविला. मे महिन्यात तिच्याकडून लोणच्याची बरणी आली. झाकणावरच्या चिठ्ठीवर माझा व उमटविलेला, आणि त्याच्या पोटात निळ्या पेनाने एक ठसठशीत तिरकी रेघ. सासूबाईंनी बरणी निरखून पाहिली, फडताळात ठेवली, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी लोणचे काढायला गेले, तर त्याला शेपूटही होते.