पिकअपचं स्टिअरिंग थरथरतंय? आधी हे तपासा

दिंडोरी : टोमॅटोचे क्रेट भरून पिकअप पिंपळगाव बसवंतच्या बाजाराकडे निघते आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरू लागतं. अनेक जण थेट शॉकअप बदलतात. खर्च होतो, थरथर मात्र तशीच राहते. मग दोष ओळखायचा कसा?

थरथर कधी होते?
• ठरावीक वेगालाच, बहुतेकदा ६० ते ८० च्या दरम्यान : चाकाचं बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा फुगलेला टायर
• फक्त ब्रेक दाबल्यावर : ब्रेक डिस्क
• खड्डा लागताच पुढची चाकं डगमगतात : सैल सांधे
• खड्ड्यानंतर गाडी झुलत राहते : शॉकअप
• टायर एकाच कडेने झिजतो : बहुधा अलाइनमेंट

घरी कसं तपासाल?
रिकामी गाडी सपाट जागी लावा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा आणि पुढचं चाक जॅकवर उचला. गाडीखाली मात्र शिरू नका.

चाक वर-खाली धरून हलवा. ते खेळत असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ थांबला तर बहुधा बेअरिंग, नाही थांबला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावरच खेळत असेल तर टाय रॉडचा सांधा बघा.

दुर्लक्ष का नको?
टाय रॉड सुटला तर चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. त्यात मागे जादा माल असला, की पुढची चाकं हलकी होऊन पकड कमी होते. त्यामुळे सांधा सैल दिसला तर आधी दुरुस्ती, मगच भरती.